सम्राट सोडून बोला: रोममधल्या कुठल्या साध्या माणसाला भेटायला आवडेल?

ओतारी_शिरोली

नमस्कार मंडळी.

आपल्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी फिरून सीझर, ऑगस्टस आणि नीरोवरच येतात. मागच्या खेपेला हॅनिबलचे हत्ती आल्प्समधून उतरवता उतरवता रात्रीचा एक वाजला आणि सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट होती. म्हणून आज नियम घालतो. सम्राट नको, सेनापती नको, सिनेटर नको. हातपाय हलवल्याशिवाय ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती, असा एक माणूस निवडा आणि त्याला काय विचाराल ते सांगा.

माझा माणूस आधी सांगतो. त्याच्या हातचं काम आपल्या कोल्हापुरात आहे: टाऊन हॉलच्या म्युझियममधला पोसायडन. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर चाळीसच्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. थर सातवाहन काळातला. साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच घडणीच्या, पण त्यात थोडा माल भूमध्य समुद्राकडचा होता, आणि त्यातलाच हा वीतभर उंचीचा समुद्रदेव. अंगावर कपडा नाही, एका पायावर भार टाकून उभा, त्रिशूळ धरल्यासारखा एक हात वर गेलेला.

म्युझियममध्ये लोक त्याचा चेहरा बघतात. मी काख बघतो. हसू नका. आमचं दोन पिढ्यांचं ओतकाम आहे, वडिलांनी उद्यमनगरात सुरू केलं, मी शिरोलीत आलो. उचललेला हात खांद्याला जिथं मिळतो, तिथं जाडी एकदम बदलते. जाड भाग उशिरा गार होतो, बारीक भाग आधी आवळतो, आणि तडा जायचा तर नेमका त्या कोपऱ्यात जातो. ही गोष्ट आमच्या पोराटोरांनाही कळते, पण कळणं वेगळं आणि टाळणं वेगळं. या माणसानं टाळलीय.

पद्धत मेणाची. मेणाची मूर्ती करायची, तिला धातू आत जायच्या आणि हवा बाहेर यायच्या वाटा मेणाच्याच काड्यांनी जोडायच्या, वरून बारीक मातीचे थर, मग जाड माती. साचा भाजला की मेण वितळून निघून जातं आणि उरलेल्या पोकळीत कांस्य ओतायचं. एवढ्या लहान मूर्ती बहुधा भरीव ओतत. मोठे पुतळे पोकळ, आत मातीचा कोअर, म्हणजे गाभा, आणि तो हलू नये म्हणून लोखंडी खिळे. आजही आम्ही कोअरला आधार देतोच.

मला त्याला विचारायचंय: रायझर (धातू आवळताना जादा धातू पुरवणारा उभा भाग) कुठं ठेवला होतास? शिसं किती घातलंस? (रोमन लोक कांस्यात शिसं सढळ हातानं घालायचे. धातू पातळ होतो, बारीक नक्षीत शिरतो आणि स्वस्तही पडतो.) सगळं मेण निघालं हे कशावरून ओळखायचास, वासावरून की धुरावरून?

आणि ब्लोहोल (हवेनं पडलेलं भोक) आलं तर काय करायचास? म्हणजे ते काय करायचे हे दिसतंच. रोमन काळातले मोठे पुतळे जवळून बघितले तर अंगावर चौकोनी ठिगळं असतात. दोष जिथं असेल तिथं चौकोनी खाच कोरायची, मापाचा तुकडा ठोकून बसवायचा, घासायचं, माल रवाना. आमच्याकडे मशिनिंगनंतर एक भोक दिसलं की गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं, वर वाहतूकही आमच्याच माथी मारतं. ठिगळाची सोय आम्हाला असती तर आजवर बंगला झाला असता.

त्याला मी एकच गोष्ट दाखवीन. कांस्य हजार अंशांच्या आसपास वितळतं. तिथवर त्याची भट्टी आरामात जायची. पण लोखंड ओतायचं तर त्याच्याही बरंच वर जावं लागतं, आणि रोमन लोहार लोखंड कधी पाण्यासारखं करू शकले नाहीत. भट्टीतून मऊ गोळा काढायचा आणि ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची, एवढंच. चिनी लोक मात्र त्याच काळात बिडाचं ओतकाम करत होते. तर या माणसाला शिरोलीत आणायचं, लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा मोठा पळा, भरताना उभं करायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

तुमचा माणूस कोण?

---

तालीमवाला_गंगावेश

आरं भावा, तू काख बघतोस, आम्ही कान बघतो.

खासबागेचं, आपल्या कुस्तीच्या मैदानाचं, सगळ्यांना ठाऊक हाय. शाहू महाराज १९०२ ला एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, त्या फेरीत रोम बघितलं आणि तिथलं मैदान डोक्यात घेऊनच परत आले. १९१२ ला खासबाग तयार झालं. कोलोसियमला दगडी मजले, भोवतीनं ऐंशी कमानी, कमानींवर आकडे कोरलेले. आपल्याकडं तसला थाट न्हाई, हौदा खाली आणि माणसं चढावर. पण कुठंबी बसा, जोड दिसतीच. मला वाटतं महाराजांनी तेवढंच बरोबर उचललं आणि बाकीचं तिथंच सोडलं.

आता माझा माणूस. रोमला पलाझ्झो मासिमो म्हणून म्युझियम हाय, तिथं बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा कांस्य पुतळा हाय. १८८५ ला क्विरिनाल टेकडीवर सापडला. मी फोटोतच बघितलाय, पण पैलवान म्हणून सांगतो, ज्यानं केला त्यानं मारामारी लांबनं बघितलेली न्हाई. नाक मोडलेलं, हाताला चामड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि कान! फुगून गोळा झालेले. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराचा हात बघायच्या आधी कान बघत्यात. कान ताठ असतील तर अजून मातीत डोकं घासलं न्हाई म्हणायचं.

मला त्याला एवढंच विचारायचंय की मान वळवून बघतोयस कुणाकडं? पुढची जोड लागली का? आत्ताच उठायचं हाय का?

आणि ज्यांना ग्लॅडिएटर, म्हणजे रोमच्या मैदानात हत्यारानं लढणारे लढवय्ये, म्हणजे रोज एक मुडदा वाटतो त्यांच्यासाठी. सन ८० ला टायटस बादशहानं कोलोसियम उघडलं, तेव्हाची प्रिस्कस आणि व्हेरस यांची जोड मार्शल कवीनं लिहून ठेवलीया. लई वेळ चालली, कुणी हटंना, पब्लिक सोडवा सोडवा म्हणून ओरडाय लागलं. शेवटी दोघांनीबी एकदमच हात वर केले आणि बादशहानं दोघांनाबी लाकडी तलवार देऊन मोकळं केलं. जोड बरोबरीत सुटली आणि दोघंबी नोकरीतनं सुटले. असला निकाल आमच्याकडं लागला तर पंचाला मैदानातनं बाहेर पडू देणार न्हाईत.

खुराकाचं नंतर लिहितो, म्हशीची धार काढायची वेळ झाली.

---

ओतारी_शिरोली

पैलवान, त्या पुतळ्याचं एक तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. चेहऱ्यावरच्या जखमा आणि ओठ वेगळ्या तांब्याचे बसवलेत. कांस्य पिवळसर, तांबं लाल, म्हणजे नवीन असताना जखम लालच दिसत होती. आणि उजव्या दंडावर आणि मांडीवर रक्ताचे थेंब आहेत, तेही तांब्याचे. त्यानं मान वळवली तेव्हा ते उडालेत. म्हणजे ओतणाऱ्यानं तो मान वळवायच्या आधी कसा बसला होता याचासुद्धा विचार केला होता. मी ते वाचलं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं.

---

निवृत्त_मास्तर

पैलवान, आपला मुष्टियोद्धा घडणीने ग्रीक आहे. सापडला रोममध्ये, एवढंच. नियमात बसतो का ते ओतारींनी ठरवावं.

---

तालीमवाला_गंगावेश

मास्तर, रोममध्ये राहत हुता न्हवं? मग रेशनकार्ड तिथलंच.

---

अभ्यासिका_राजारामपुरी

मी मार्कस ऑरेलियस म्हणणार होतो, पण नियम वाचला. मग डायोक्लेशियन चालेल का? त्याने ३०५ मध्ये राजीनामा दिला आहे. राजीनाम्यानंतर तो साधा माणूसच झाला. आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला समुद्राकाठी राहायला गेला आणि भाजी लावली. परत गादीवर या म्हणून लोक विनवायला आले तर म्हणाला, मी स्वतःच्या हाताने लावलेले कोबी येऊन बघा, मग असं काही मागणार नाही. मला त्याला विचारायचं आहे की सोडायचं कधी हे कसं कळलं. परीक्षेचे प्रयत्न चालू आहेत, घरून रोज हाच प्रश्न येतो.

---

ओतारी_शिरोली

राजवाड्यात राहून कोबी लावणारा साधा माणूस होत नाही रे भावा. स्प्लिटचा तो वाडा एवढा मोठा आहे की आज आत वस्ती आहे. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून पास.

---

पेंटरकाका

माझा माणूस एमिलियस सेलर, राहणार पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन गाव. धंदा भिंती रंगवणे. माझाही तोच होता, फ्लेक्स येईपर्यंत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या यात्रांच्या कुस्त्यांच्या भिंती मी रंगवल्यात. चुन्याचा हात मारायचा, सुतळीने रेघ पाडायची, वर यात्रा कमिटीचं नाव, मग पहिल्या जोडीचे पैलवान ठसठशीत, दोन नंबरची जोड जरा बारीक, खाली तारीख, वेळ, ठिकाण. ज्याने पैसे दिलेत त्याचं नाव बारीक झालं तर दुसऱ्या दिवशी भांडण. या कामात कला किती आणि राजकारण किती हे मला विचारा.

आता सेलरची भिंत ऐका. सगळ्यात आधी पैसे देणाऱ्याचं नाव, डेसिमस लुक्रेशियस साट्रियस व्हॅलेन्स, आणि नावामागे त्याची पदवी: नीरोचा कायमचा पुजारी. त्याच्याकडून ग्लॅडिएटरांच्या वीस जोडी, त्याच्या पोराकडून दहा जोडी. पॉम्पेईत ८ ते १२ एप्रिल. शिकारीचा खेळ होईल. आणि शेवटी, छत असेल. म्हणजे उन्हात बसावं लागणार नाही. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीही सावलीची जाहिरात करावी लागत होती! आणि त्यात सही टाकलीय: हे एमिलियस सेलरने लिहिलं, एकट्याने, चांदण्यात.

एकट्याने, चांदण्यात. हे ज्याने वाचलं आणि ज्याने रात्री भिंती रंगवल्यात, त्या दोघांत फरक आहे. रात्रीच का, तर दिवसा रस्त्यात गर्दी, गाढवं, पोरं, ओल्या रंगाला हात लावणारे. चांदण्यात का, तर दिव्याचं तेल वाचतं. आणि एक खुबी सांगतो. चांदण्यात लाल रंग लाल दिसत नाही, काळा दिसतो. पॉम्पेईच्या भिंतींवर लाल आणि काळा, दोन्ही रंग असायचे. तेव्हा त्याने डब्याची जागा पक्की ठरवून ठेवली असणार, लाल डाव्या हाताला, काळा उजव्या, नाहीतर सकाळी व्हॅलेन्ससाहेबांचं अर्धं नाव भलत्याच रंगात. पण चुन्याची भिंत चांदणं धरते, त्यामुळे अक्षराची कड मात्र स्वच्छ दिसते. मी स्वतः पन्हाळ्याच्या रस्त्याला पौर्णिमेला काम केलंय, म्हणून खात्रीने सांगतो.

त्याला विचारायचं ते हे. एकटा होतास तर शिडी कोणी धरली? कारण पॉम्पेईच्याच दुसऱ्या एका भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय, कंदीलवाल्या, शिडी नीट धर. म्हणजे रिवाज माणूस बरोबर न्यायचाच होता. चुना मारणारा वेगळा, कंदील धरणारा वेगळा. मग सेलर एकटाच का? मजुरी वाचवली? की माणूस आलाच नाही आणि ८ एप्रिल तोंडावर आली? सहीत "एकट्याने" लिहिलंय त्यात मला अभिमान कमी आणि राग जास्त वाचायला येतो.

त्याची आणखी एक भिंत आहे. निवडणुकीची. लुशियस स्टॅशियस रिसेप्टस या उमेदवाराला शेजाऱ्यांचा पाठिंबा, लिहिणार शेजारी एमिलियस सेलर. आणि खाली एक ओळ: अरे मत्सरी माणसा, हे पुसशील तर आजारी पडशील. पट्ठ्याने शापही रंगवूनच दिला. मलाही कितीदा वाटलंय. रात्री रंगवलेलं दुसऱ्या पार्टीने सकाळी चुन्याने फासलेलं बघितलंय मी. फक्त शाप लिहायची जागा गिऱ्हाइकाने ठेवली नव्हती.

शेवटचा प्रश्न, पैसे आगाऊ घेतलेस का? मी घेत नव्हतो. ज्यांनी बुडवले ते निवडूनही आले, नावं लिहीत नाही.

---

ओतारी_शिरोली

काका, या महिन्यात या गटात याहून भारी काही लिहिलं गेलं नाही. चांदण्यात लाल काळा दिसतो, हे कुठल्या प्रोफेसरला सुचलं असतं?

---

तालीमवाला_गंगावेश

काका, तीस जोडी पाच दिवसांत. म्हंजे दिवसाला सहा. आमच्याकडं यात्रेला एका दुपारी त्याच्या कितीतरी पट होत्यात. पॉम्पेईकर आरामात बघत असतील.

खुराकाचं राहिलं हुतं. तुर्कस्तानातल्या इफिससला ग्लॅडिएटरांची दफनभूमी १९९३ ला सापडली. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हाडं तपासली तर निघालं काय, सातू, गहू आणि कडधान्यं. मटण नावाला. लोक त्यांना सातूखाऊ म्हणून चिडवत हुते. वर राखेचं पाणी पीत हुते, हाडासाठी. आमचे वस्ताद म्हणाले, म्हणूनच तलवार लागत हुती त्यांना.

---

मिरी_पिंपळी

मी घरी मसाले करते, कांदा-लसूण मसाला, गोडा, सगळे. ऑर्डरी घेत घेत हे सगळं वाचते, लिहिते कमी. पण काकांचं वाचून राहवलं नाही.

माझा माणूस गँबॅक्स. उत्तर इंग्लंडात विंडोलांडा नावाची रोमन छावणी होती. तिथल्या ओल्या चिखलात पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर टिकला. सन १०० च्या आसपासचा. त्यात एक यादी आहे, कोणी काय घेतलं आणि किती दिनारांचं. त्यात टॅपोचा मुलगा गँबॅक्स, मिरी, दोन दिनार.

मिरी म्हणजे आपल्या मलबारची. रोमला तेव्हा ती तिथूनच जायची. ती घाटातून खाली केरळच्या मुझिरिस बंदराला, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बेरेनिके बंदराला, उंटावरून नाईलला, नावेने अलेक्झांड्रियाला, मग रोम, मग पार गॉल (आजचा फ्रान्स) ओलांडून त्या थंडगार छावणीत. रोमात तर मिरीसाठी डोमिशियन बादशहाने फोरम या मुख्य चौकाजवळ वेगळं कोठारच बांधलं होतं. आणि बेरेनिकेच्या एका देवळात उत्खननात भारतीय रांजण निघाला, त्यात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी. मी तो फोटो बघून आधी दाण्याचा आकार बघितला. चांगला माल होता.

आता हिशेब. प्लिनी या रोमन लेखकाने भाव देऊन ठेवलेत. काळी मिरी चार दिनार पौंड, पांढरी सात, आणि लांब पिंपळी पंधरा. रोमन पौंड आपल्या ३२७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोमच्या भावानेसुद्धा गँबॅक्सला फार तर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मिळाली असेल, आणि त्या टोकाला त्याहून कमीच. तेव्हा लीजनच्या, म्हणजे रोमच्या मुख्य पलटणीच्या, शिपायाचा पगार वर्षाला ३०० दिनार, त्यातून जेवण, कपडे कापून घ्यायचे. विंडोलांडातले तर दुय्यम पलटणीतले. म्हणजे दोन-तीन दिवसांची कमाई याने मूठभर मिरीवर घातली.

मला विचारायचं आहे, कशात घातलीस बाबा? एकट्याने खाल्लीस की सगळ्या खोलीने? कुणासाठी होती का? खोकल्याला काढा होता का? कारण माझ्याकडे पावकिलो मसाला नेणाऱ्या बाईचं मला लगेच कळतं, घरी पाहुणे आहेत की मुलगा हॉस्टेलवरून आलाय. गँबॅक्सचं काही कळत नाही.

तो प्लिनीच पुढे रडतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. आणि मिरीत आहे काय, नुसता तिखटपणा, म्हणे. तिखटपणाला "नुसता" म्हणणाऱ्या माणसाला मी जेवायला बोलावणार नाही.

---

निवृत्त_मास्तर

ताई, प्लिनी बिचारा व्हेसुव्हियसचा स्फोट बघायला आणि लोकांना वाचवायला गेला आणि ७९ मध्ये तिथेच वारला. एवढं मनावर घेऊ नका.

ओतारींच्या पोसायडनविषयी दोन गोष्टी.

पहिली. या मूर्तीची ठेवण लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या पोसायडनवरून आलेली मानतात. लिसिपस अलेक्झांडरच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वीचे चौथे शतक. तेव्हा आपल्या माणसाने मूर्ती कल्पिली नाही, गाजलेल्या पुतळ्याची लहान प्रत ओतली.

दुसरी. "कोल्हापुरात रोमन वसाहत होती" असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. घरात चिनी कपबशी निघाली म्हणून आजोबा पेकिंगचे होत नाहीत. माल आला, माणसं आलीच असं नाही. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या माहितीत, साधारण पहिल्या शतकाच्या मध्यातली, भडोच, पैठण, तेर, कल्याण ही नावं आहेत. जुलैत इजिप्तच्या बंदरातून निघायचं आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा पकडायचा. भडोचला उतरणाऱ्या मालात दारू आहे, आणि तांबे, कथील, शिसे हेही आहे. कल्याणात मात्र तेव्हा अडचण होती, तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेत असत. त्याच्या खाली चौल आणि कोकणातली आणखी बंदरं. तिथून घाट चढला की आपण.

कोल्हापूर तेव्हा आडगाव नव्हतं. विळिवायकुर नावाच्या राजाची नाणी इथे सापडतात, त्यांवर धनुष्यबाण असतो. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या भूगोलकाराने दुसऱ्या शतकात ज्या बॅलिओकुरोस राजाचा उल्लेख केला तो हाच असावा असे अभ्यासक मानतात. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला इथल्या राजाचं नाव ऐकून ठाऊक होतं.

---

ओतारी_शिरोली

मास्तर, पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) दुसऱ्याचा आणि ओतकाम आपलं, आमचा सगळा धंदा त्यावरच चाललाय. ड्रॉइंग पुण्याहून येतं, पॅटर्न येतो, आम्ही ओततो. त्यामुळे माझा माणूस लहान होत नाही. उलट आता तो मला जास्तच जवळचा वाटायला लागला.

पण तुम्ही तांबे, कथील, शिसे म्हणालात त्यावरून एक विचारतो. ब्रह्मपुरीचा साठा भंगार असेल का? आपल्याकडे कथील आधीच कमी. कांस्य तयार मिळालं तर ओतारी ते सोडणार नाही. फुटके जग, जुन्या मुठी, एखादी परदेशी मूर्ती, सगळं वजनावर घेतलं आणि भट्टी पेटायची वाट बघत ठेवलं. साठा एका जागी सापडतो म्हटलं की तुम्हाला सावकार आठवतो, मला भंगाराचा कोपरा आठवतो.

---

निवृत्त_मास्तर

अंदाज म्हणून ठीक. पण मग पोसायडन वितळला का नाही? साठ्यातला कांस्याचा आरसा का राहिला? त्या वस्तू कुणीतरी जपलेल्या दिसतात.

---

ओतारी_शिरोली

त्याचं उत्तर आमच्या शेडमध्ये आहे. माझ्या ऑफिसच्या फळीवर एक पितळी समई आहे, वरचा मोर तुटलेला. भंगाराच्या पोत्यातून आली होती. वडिलांनी बाहेर काढून ठेवली आणि म्हणाले, ही राहू दे. वजन केलं, पैसे दिले, पण भट्टीत घातली नाही. प्रत्येक ओताऱ्याकडे असा एखादा पीस असतो, विचारून बघा. वितळवणाऱ्या माणसाला काम लगेच कळतं. त्यामुळे मास्तर, भंगारात येणं आणि जपलं जाणं यात मला भांडण दिसत नाही.

---

निवृत्त_मास्तर

पुरावा नाही, पण मुद्दा डोक्यात राहील. साठ्यातल्या वस्तूंची यादी घेऊन एकदा तुमच्याबरोबर म्युझियममध्ये उभं राहायला आवडेल. काय फुटकं, काय धड, हे तुम्ही माझ्यापेक्षा लवकर सांगाल.

---

अभ्यासिका_राजारामपुरी

मला पण यायचं आहे. आणि मी माणूस बदलतो. पेंटरकाकांच्या सेलरचा तो न आलेला कंदीलवाला. त्याला विचारीन, त्या रात्री होतास कुठे?

---

पेंटरकाका

झोपला असणार. किंवा माझ्या हेल्परसारखा, ग्लॅडिएटर बघायला फुकट पास मिळेल म्हणून दुसऱ्या पेंटरकडे गेला असणार.

---

ओतारी_शिरोली

मग असं करू. पुढच्या रविवारी सकाळी टाऊन हॉल, दुपारनंतर शिरोली. मी मेणाची वीतभर मूर्ती करून ठेवतो, हात वर असलेली, मातीचा साचा भाजलेला तयार. थोडं कांस्य वितळवू आणि सगळ्यांसमोर ओतू. काखेत तडा गेला तर गेला, तुम्हीच बघा. अट एकच, पायात बूट हवेत. कोल्हापुरी घालून भट्टीजवळ कुणी आलं तर मी गेटवरूनच परत पाठवणार, मग मास्तर असोत की पैलवान.

---

मिरी_पिंपळी

जेवण माझ्याकडे. मटण आणि पांढरा रस्सा, तिखटाला फक्त मिरी आणि पिंपळी. तांबडा रस्सा कुणी मागायचा नाही, मिरची अमेरिकेतून यायला अजून चौदाशे वर्षं आहेत. पैलवानांना सातू शिजवून ठेवते.

---

तालीमवाला_गंगावेश

ताई, सातू मास्तरांना वाढा.